चोरबाजारातलं मशीन, कोल्हापुरातला कॅमेरा

विंडोज एक्सपीवर पिनबॉल खेळला नाही असा एक तरी इंजिनिअर मला दाखवा. बिल्ड चालू आहे, मॅनेजर मीटिंगमध्ये आहे आणि आपण स्पेसबार दाबून धरून चेंडू सोडतोय, हे दृश्य २००० नंतरची काही वर्षं हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत सगळीकडे सारखंच होतं. खेळाचं नाव 'स्पेस कॅडेट'. तो मायक्रोसॉफ्टने मुळात लिहिलेला नव्हता. टेक्सासमधल्या सिनेमॅट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीने तो १९९५ साली केला आणि मायक्रोसॉफ्टने तो आपल्या विंडोजमध्ये आणून बसवला. म्हणजे एका अर्थाने सेकंडहँड पिनबॉलच.

आणि सेकंडहँड वस्तूचं जे होतं तेच त्याचंही झालं. विंडोज ६४ बिटवर नेताना एका आवृत्तीत चेंडू भुतासारखा सगळ्या अडथळ्यांच्या आरपार जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट सांगितली. कोड बाहेरच्या कंपनीने केव्हाचा लिहिलेला, त्यात कॉमेंट्स जवळजवळ नाहीतच, आणि चेंडूची टक्कर ओळखणारा भाग नेमका कसा चालतो हे कुणालाच कळेना. पुढे व्हिस्टा आलं त्यात पिनबॉल नव्हता. मग २०२० नंतर काही हौशी मंडळींनी उलट्या बाजूने सुरुवात केली. सोर्स कोड हातात नव्हताच. त्यांनी तयार प्रोग्रॅमच उघडला, त्याचा एकेक तुकडा सुटा करून वाचला आणि त्यावरून नवा, माणसाला वाचता येईल असा कोड लिहिला. आता तो खेळ लिनक्सवर चालतो, मॅकवर चालतो, कशावरही चालतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अशीच एक गोष्ट आमच्या कोल्हापुरात शंभरहून जास्त वर्षांपूर्वी घडलेली आहे. तेव्हाही यंत्र वापरलेलं होतं, करमणुकीचं होतं, मॅन्युअल नव्हतं, आणि ज्यांनी ते बनवलं ते सातासमुद्रापलीकडे. फक्त ते पिनबॉल नव्हतं, सिनेमाचा प्रोजेक्टर होता.

शाळेत आम्हाला ही गोष्ट एका ओळीत शिकवली. "बाबूराव पेंटर यांनी पहिला स्वदेशी कॅमेरा बनवला." झालं. पुढचा प्रश्न. पण कॅमेरा 'बनवला' म्हणजे काय केलं? कशावरून बघून? हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कोल्हापूरकराला आपल्या गावाबद्दल अभिमान भरपूर, चौकश्या कमी :) आता रोज दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड उपसण्यात दिवस जातो, तेव्हा ती एक ओळ मला फार मोठी वाटायला लागली आहे.

थोडं मागे जाऊ. भारतात सिनेमा आला ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे खेळ केले. त्यांच्या यंत्राची गंमत अशी की तेच यंत्र कॅमेरा होतं, तेच प्रिंट काढायच्या कामाला यायचं, आणि मागे दिवा ठेवला की तेच प्रोजेक्टर व्हायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यंत्र मिळवायचा पहिला मार्ग सावेदादांनी दाखवला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले फोटोग्राफर. त्यांनी हा नवा चमत्कार पाहिला आणि लंडनहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. (भारतीय माणसाने पहिल्यांदा कॅमेरा रोखला तो कुस्तीवर, ही गोष्ट कोल्हापूरकराने दोनदा सांगावी अशी आहे.) दुसरा मार्ग दादासाहेब फाळक्यांचा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये थेट लंडनला गेले, काम शिकले, विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि परत आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दोन्ही मार्गांना पैसा लागतो, आणि दुसऱ्याला तर बोटीचं तिकीटही. तिसरा मार्ग ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात त्यांचा. मुंबईचा चोरबाजार.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, चित्रं, मूर्ती, हस्तिदंती कोरीवकाम, सगळंच करणारे. अशा घरात मुलगा शाळेत किती रमला हा प्रश्न वेगळा, पण रंधा, कानस आणि कुंचला ही तिन्ही हत्यारं एकाच माणसाच्या हातात असतात, हे तो घरात बघतच मोठा झाला. नात्यातले बंधू आनंदराव हेही तसेच कलावंत. दोघे मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या संगीत नाटक कंपन्यांमध्ये या दोघांच्या पडद्यांना तोड नव्हती. केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'चे पडदे यांचे. आडनाव मेस्त्री होतं, ते रंगवता रंगवता 'पेंटर' झालं.

मग त्यांनी फाळक्यांचा सिनेमा पाहिला आणि दोघेही त्यात गेले. कल्पना करा, तुम्ही आयुष्यभर पडदा रंगवताय, दरबार, जंगल, महाल, खोली दिसावी म्हणून छाया-प्रकाशाशी झटताय, आणि एक दिवस कुणीतरी पांढरा कोरा पडदा टांगतो आणि त्याच्यावर पाणी हलायला लागतं. मला तर वाटतं इतर प्रेक्षक देव बघून हात जोडत असतील तेव्हा हे दोघे मागे वळून उजेड कुठून येतोय ते बघत असतील.

तर या दोघांनी चोरबाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. भेंडीबाजाराजवळचा हा बाजार आजही आहे, आणि तिथे माल घेताना पाळायचा नियमही बहुतेक तोच असणार. विकणारा म्हणतो "चालू है साहब", त्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि तसं तोंडावर म्हणायचंही नाही. तो प्रोजेक्टर घेऊन त्यांनी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. खेळ लावून पैसे मिळवायचे आणि बाकीच्या वेळात स्वतःचा कॅमेरा जुळवायची खटपट करायची, असा बेत होता.

इथे जरा थांबतो, कारण हा मधला भाग इतिहासात एका वाक्यात उरकतात आणि खरी गोष्ट इथेच आहे. वापरलेला प्रोजेक्टर घरात असणं म्हणजे काय असतं?

हे मला कळलं कारण तीनेक वर्षांपूर्वी मीही एक घेतला. पूर्ण मशीन नव्हे, नुसतं डोकं, म्हणजे ज्यातून फिल्म जाते तो भाग. आमच्याकडे एकपडदा टॉकीजमध्ये डिजिटल आलं, २०१० ते २०१५ च्या दरम्यान फिल्मच्या प्रिंट यायच्याच बंद झाल्या, आणि केबिनमधली दणकट मशीन्स भंगारात निघाली. लोखंडाच्या भावात. कोल्हापुरातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजचं हे डोकं भंगारवाल्याकडून मी घेतलं आणि घेण्याआधी त्याच टॉकीजच्या म्हाताऱ्या ऑपरेटरना सोबत नेलं. त्यांनी पस्तीसेक वर्षं केबिनमध्ये काढलेली. त्यांनी नाव लिहू नको म्हणून सांगितलंय, तर त्यांना नुसतं काका म्हणू.

काका दुकानात शिरले ते पॉलिशकडे, पाटीकडे बघितलंच नाही. वाकून थेट दातेरी चाक बोटाने चाचपलं. "आधी दात बघायचं. बैल घेताना बघत्यात का न्हाई? तसं." फिल्मच्या भोकांत बसून तिला ओढणारे हे दात झिजले की एका बाजूला वाकडे, आकड्यासारखे होतात आणि मग प्रत्येक खेळात फिल्मची भोकं फाडतात. मग फिल्म सरकते त्या गेटच्या पट्ट्या. त्यांच्यावर नख फिरवून खाच लागते का बघायची. शेवटी हाताने हळूहळू फिरवून आवाज ऐकायचा. "मशीन बोलतंय बघ. कान दे." मला खरखर ऐकू आली. काकांना त्यात कुठला बुश गेलाय तेही ऐकू आलं.

अमेरिकेत जुनी पिनबॉल मशीन्स घेणाऱ्यांची एक जमात आहे, त्यांचंही अगदी असंच असतं. काचेवरचं रंगीत चित्र बघून पैसे देणारा फसतो. जाणकार माणूस आधी टेबल उचलून खालची बाजू बघतो. तारांचं जंगल, कॉइल, पत्र्याच्या पट्ट्यांचे स्विच. फ्लिपर पूर्ण वर गेला की जोराचा करंट तोडणारा एक स्विच असतो, तो उघडला नाही तर कॉइल जळते. १९७७ नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये बोर्डावर बॅटऱ्या असतात, त्या गळतात आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकतात. पोलादी चेंडू ८० ग्रॅमचा, तो खडबडीत झाला की तोच टेबल खरवडतो. इकडे आणायचं तर त्यांचा वीजपुरवठा साधारण १२० व्होल्टचा आणि आपला २३०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. तरी लोक घेतात आणि शनिवार-रविवार कॉन्टॅक्ट घासत बसतात. बायका काय म्हणत असतील ते मराठीत वेगळं सांगायला नको.

सिनेमा आणि पिनबॉल तसे एकाच गल्लीतले. एडिसनचा किनेटोस्कोप १४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कमध्ये लोकांसाठी खुला झाला तो एका दुकानात, दहा पेट्या मांडून. डोळा लावायचा आणि आत हलती चित्रं बघायची, पाच पेट्यांचे २५ सेंट. पुढे अशाच नाणं टाकायच्या पेट्यांच्या दुकानांतून १९३० नंतर पिनबॉल वाढला. दोन्ही यंत्रं दिवसभर अनोळखी लोकांसाठी चालायची, आणि दोन्हींच्या मागे एक तेलकट हातांचा माणूस असायचा, ज्याच्याकडे कुणी बघत नसे. असो. विषयांतर झालं.

प्रोजेक्टरचं मुख्य गुपित हे की फिल्म सरळ धावत नाही. ती थांबत थांबत जाते. एक चित्र खिडकीसमोर येऊन थांबतं, उजेड पडतो, मग झडप मधे येते, अंधारात फिल्म चार भोकं पुढे ओढली जाते, थांबते, पुन्हा उजेड. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने. हॅंडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. हजार फुटांच्या रिळाला सोळा-सतरा मिनिटं हात एका लयीत फिरता ठेवायचा. तबलजीला विचारा, एवढा वेळ लय न हलवता एकच ठेका धरणं म्हणजे काय ते.

आणि सतत फिरणाऱ्या हॅंडलमधून ही थांब-चल कशी काढायची? त्यासाठी बहुतेक प्रोजेक्टरांत माल्टीज क्रॉस असतो. चार खाचांचं एक चाक. शेजारच्या चकतीवरची एक खुंटी फिरता फिरता एका खाचेत शिरते, चाकाला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. उरलेला वेळ चाक जागच्या जागी घट्ट धरलेलं. त्याच दांड्यावर १६ दातांचं चाक. पाव फेरा म्हणजे चार दात, चार दात म्हणजे बरोबर एक चित्र. ही गोष्ट पुस्तकात वाचून मला कळली होती. क्रॉस पहिल्यांदा हातात घेऊन फिरवला तेव्हा ती वेगळीच कळली.

आता यंत्र जुनं आणि झिजलेलं असेल तर यातलं प्रत्येक अंग आळीपाळीने दगा देतं. क्रॉस सैल झाला की चित्र पडद्यावर थरथरतं. झडप जरा उशिरा मिटली की पांढऱ्या अक्षरांना वर शेपट्या फुटतात. गेट घट्ट झालं की भोकं फाटतात, सैल झालं की चित्र धूसर होतं. आणि तेव्हाची फिल्म नायट्रेटची. उजेडासमोर ती थांबून राहिली तर पेट घ्यायची, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझायची नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो. म्हणजे बिघाड 'नंतर बघू' म्हणून सोडायचा नाही. सुटा भाग मुंबईतही मिळायचा नाही, आणि १९१४ ला महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून माल येणं आणखीच अवघड झालं. मग झिजलेला भाग बघायचा, तो असा का आहे ते समजून घ्यायचं आणि तसाच दुसरा घडवायचा. माझ्या मशीनचा गेलेला बुश उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने चहा होईपर्यंत पितळेत काढून दिला, कारण आज कोल्हापुरात लेथ गल्लोगल्ली आहे. तेव्हा तसं नव्हतं.

अशा रीतीने चार-दोन वर्षं प्रोजेक्टर चालता ठेवला की माणसाला तो पाठ होतो. आणि मग ल्युमिएरचं ते यंत्र आठवतं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही मुळात एकच वस्तू आहे. थांबत जाणारी फिल्म, झडप, भिंग. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्लेअरचा कोड पूर्ण समजला की रेकॉर्डर लिहिता येतो.

लिहिता येतो म्हणालो, सोपा असतो असं नाही. प्रोजेक्टरमधली चूक त्या खेळापुरती असते, कॅमेऱ्यातली फिल्मवर कायमची उमटते. गणित करून बघा. फिल्मवरचं चित्र १८ मिलिमीटर उंच. ते तीन मीटरच्या पडद्यावर टाकलं की दीडशे पटींहून मोठं होतं. म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी जरी मागेपुढे थांबली तरी पडद्यावरचा राजा दीड सेंटिमीटर उड्या मारणार, आणि सेकंदाला १६ वेळा. शिवाय पेटी पूर्ण अंधारी हवी. एखाद्या फटीतून उजेड शिरला तर दिवसभराचं काम धुरकट. हे सगळं परदेशी कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांनी साधायचे. कोल्हापुरात ते हाताला आणि डोळ्याला साधायचं होतं.

काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले.

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणून एक निर्दय शब्द आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. हा आकडा एक असलेली प्रोजेक्ट मी पाहिली आहेत; माणूस नुसता नोकरी सोडून गेला तरी ती थांबतात, कारण सगळं त्याच्या डोक्यात असतं. इथे दोन माणसांतला एक गेला होता, आणि तोही असा की दोघांनी एकाच पडद्यावर कुंचले चालवले होते. या जागी गोष्ट संपली असती तर आज कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

ती संपली नाही, त्याचं श्रेय मी दोन गोष्टींना देतो. एक म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. बाबूरावांपेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण त्यांचे शिष्य, आणि यंत्राचा हात असलेले. दुसरी गोष्ट थोडी माझी समजूत आहे. या कामाचं ज्ञान नुसतं आनंदरावांच्या डोक्यात नव्हतं, ते त्या चोरबाजारातल्या लोखंडातही होतं. ते परत उघडता येत होतं. नव्या माणसाला समोर बसवून "हे बघ, हे असं फिरतं" म्हणता येत होतं. लंडनहून आलेला नवा कोरा, वॉरंटीतला कॅमेरा असता तर तो असा उघडायचं धाडस कुणाला झालं असतं?

१९१८ मध्ये बाबूराव आणि दामल्यांचा कॅमेरा चालला. भारतात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. हे नाव आपण फार भरभर वाचून पुढे जातो. एका कलावंत बाईने, स्वतःच्या गळ्यावर मिळवलेला पैसा, अशा माणसांच्या हाती दिला ज्यांच्याकडे तोवर दाखवायला एक घरगुती यंत्र आणि रंगवलेले पडदे होते. आजचे गुंतवणूकदार आधी पाच वर्षांचं एक्सेल मागतात.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की लोक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पुढे १९२३ चा 'सिंहगड', १९२५ चा 'सावकारी पाश'. शेवटच्यात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. हे शांताराम कंपनीत येण्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात काम करून आलेले. फत्तेलाल चित्रकार. दामले यंत्राचे. कंपनीत आलेल्या माणसाने एकच काम धरून बसायचं नाही, झाडूपासून झडपेपर्यंत सगळं करायचं, अशी तिथली पद्धत होती. ज्या कंपनीचा जन्मच यंत्र खोलण्यातून झाला तिथे दुसरं काय होणार?

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि १ जूनला कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू झाली. भांडवल देणारे पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी. दोनच वर्षांत बोलपट आला, आणि इथे मला या गोष्टीतलं सगळ्यात कठोर वळण दिसतं. आवाज आला की फिल्म सेकंदाला बरोबर २४ चित्रांनीच पळायला हवी, मोटरवर, एकसारखी. हाताने फिरवायचा कॅमेरा एका फटक्यात जुना झाला, शिवाय तो आवाज करणार. इतक्या वर्षांची तपश्चर्या आणि उपयोगाची मुदत जेमतेम दशकभराची! बाबूरावांची कंपनी टिकली नाही. त्यांनी पुढेही थोडे चित्रपट केले, पण मन चित्र आणि शिल्पाकडे वळलं. १९५४ मध्ये ते गेले. दामल्यांनी मात्र 'प्रभात'मध्ये ध्वनिमुद्रण अंगावर घेतलं. पुन्हा परदेशी यंत्र, पुन्हा उघडून समजून घेणं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' त्यांच्या हाताखाली बोलला, आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'चे ते फत्तेलालांबरोबर दिग्दर्शक. कॅमेरा जुना झाला, तो बनवताना तयार झालेला माणूस जुना झाला नाही.

उरलं काय? महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक सगळे चित्रपट हरवले. नायट्रेट फिल्म नुसती ठेवली तरी सडते, चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी होते. त्यातली चांदी काढायला लोक जुनी रिळं विकायचे ते वेगळंच. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांच्या मूळ रिळांसह बरंच काही गेलं. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नकोच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे, त्याच्या भोवती रिक्षा वळतात. चांगलं आहे. पण दगडी कॅमेरा उघडून आत बघता येत नाही.

माझ्याकडचं डोकं सध्या जेवणाच्या टेबलाशेजारी असतं. दिवा नाही, भिंग नाही, फिल्म म्हणून जुन्या ट्रेलरचा साठेक फुटांचा तुकडा आहे, त्याची दोन टोकं चिकटटेपने जोडून गोल केलाय. मागच्या महिन्यात काका पुण्याला मुलीकडे आले होते तेव्हा माझ्याकडे येऊन गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी क्रॉसचं तेल बघितलं, एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला, आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला हॅंडल धरायला लावलं. तिने जोरात फिरवलं. "हळू, बाई. शेकंदाला दोन. एक... दोन... एक... दोन..." दोनतीन मिनिटांत तिला लय सापडली. मग काकांनी तिला झडप काढून दाखवली, आणि फिल्म थांबते केव्हा नि सरकते केव्हा ते बोट ठेवून बघायला सांगितलं.